सकाळी अमेरिका झोपलेली असते

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयातल्या काकूंनी माझ्यावर पक्षपाताचा आरोप केला. "संध्याकाळी तो पोरगा बसतो तेव्हा तुझं यंत्र धडाधड पुस्तकं भरतं. सकाळी मी बसले की ढिम्म. माझ्याशी काय वाकडं आहे त्याचं?"

मी हसून सोडून दिलं. तिथंच चुकलो.

आमचं मराठी वाचनालय बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गल्लीत, लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर. साडेनऊ हजार पुस्तकं. सकाळी नऊ ते बारा काकू, संध्याकाळी पाच ते आठ कॉलेजात शिकणारा एक मुलगा. मी दिवसा मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात इथलं कोहा. कोहा म्हणजे ग्रंथालयाचं खुलं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी ते १९९९ मध्ये करायला घेतलं आणि २००० च्या जानेवारीत तिथे सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आम्हालाही ते भेटच मिळालं. पैसे जातात ते सर्व्हरच्या भाड्याचे, आणि ते सभासदांच्या वर्गणीतून निघतात म्हणून कार्यकारिणीत दर वर्षी एकदा भांडण होतं.

त्याला मी एक जोड दिली होती. पुस्तकाच्या पाठीवरचा बारकोड स्कॅनरने वाचायचा, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा जागतिक क्रमांक, हाती आला की बाहेरच्या दोन-तीन सेवांना विचारायचं, आणि नाव, लेखक, प्रकाशक, पानं, मुखपृष्ठ असं जे मिळेल ते फॉर्ममध्ये भरून टाकायचं. काकूंनी फक्त दाखल क्रमांक आणि वर्गांक घालायचा. वर्षभर दोन्ही वेळा नीट चालत होतं. एप्रिलपासून सकाळी बंद.

काकूंनी स्वतःच एक उपपत्ती मांडली. "सकाळी अमेरिका झोपलेली असते ना. कोण उत्तर देणार?" मी त्यांना सर्व्हर झोपत नाहीत यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा हाताने टाइप करायला लागल्या.

महिनाभराने एका रविवारी मी अखेर लॉग, म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, उघडला. लॉग वाचणं हे काम मी नेहमी टाळतो, कारण त्यात बहुधा माझीच चूक निघते. ज्या सेवेकडे आमची सर्वांत जास्त विचारणा जायची तिने दिवसाला हजार प्रश्नांची मर्यादा घातलेली होती, हे मला माहीत होतं. दिवसाला आमच्याकडे नवी-जुनी मिळून फार तर साठ पुस्तकं नोंदली जातात. साठाला हजार म्हणजे रग्गड. मग लॉगमध्ये पहाटे तीनला सेवा "कोटा संपला" असं का सांगत होती?

दोन वाजल्यापासूनच्या ओळी पाहिल्या. दर चार सेकंदांनी एक पुस्तक, एकामागून एक, दाखल क्रमांकाच्या ओळीने. सभासद असं वाचत नाहीत. कुठल्या तरी शोधयंत्राचा बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळत फिरणारा प्रोग्राम, आमच्या ऑनलाइन तालिकेवर (पुस्तकांच्या यादीवर) आला होता आणि प्रत्येक पुस्तकाचं पान उघडत होता. माझ्या जोडप्रोग्रामात मी मोठ्या हौसेने एक सोय केली होती: कोणी पुस्तकाचं पान उघडलं की आमचा सर्व्हर बाहेरून मुखपृष्ठ आणि परिचय ताजा आणायचा. दर वेळी. साठवून न ठेवता. बॉटने तासाभरात हजार पानं उघडली आणि आमचा दिवसाचा कोटा फस्त झाला.

पण मग सकाळपर्यंत नवा दिवस सुरू व्हायला हवा होता. झाला नव्हता, कारण त्या सेवेचा दिवस कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री बदलतो. तिकडे उन्हाळी वेळ चालू असताना ती मध्यरात्र म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं मागे घेतली की दीड. काकू बाराला कुलूप लावून घरी जायच्या, साडेबाराला हजाराचा डबा पुन्हा भरायचा, पाचला तो मुलगा येऊन ऐटीत वापरायचा, आणि पहाटे बॉट उरलेलं चाटूनपुसून जायचा. काकूंच्या वाट्याला रोज रिकामा डबा.

म्हणजे अमेरिका झोपलेली असते हे अगदीच खोटं नव्हतं.

इथवर गोष्ट गमतीची आहे. पुढचा भाग मी काकूंना सांगायला चार दिवस लावले.

मर्यादा ओलांडली की सर्व्हर ४२९ हा आकडा पाठवतो. ४०४ सगळ्यांना ठाऊक असतो. ४२९ त्यामानाने नवा, वेबच्या नियमांत तो २०१२ मध्ये आला. त्याचा अर्थ "फार विचारलंत, जरा थांबा". बरोबर किती वेळ थांबायचं तेही कधी कधी लिहून येतं. माझ्या प्रोग्रामला उत्तरं दोनच ठाऊक होती, सापडलं आणि नाही सापडलं. त्याने ४२९ दुसऱ्या खान्यात टाकलं. आणि एकदा "नाही" मिळालेलं पुस्तक तीस दिवस पुन्हा विचारायचं नाही, ही हुशारीही माझीच. परिणामी सकाळी काकूंनी स्कॅन केलेलं प्रत्येक पुस्तक महिनाभरासाठी "जगात कुठेच नाही" असं नोंदलं गेलं. अशी २१२ पुस्तकं. सगळी काकूंनी हाताने भरली होती, नाकावरचा चष्मा वर ढकलत, एका बोटाने.

सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ड्रॉवरमधून हिरव्या चेवड्याची पुडी काढून माझ्यापुढे सरकवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्यातून एका शनिवारी रात्री अकराला आम्ही चौघं फोनवर बसतो. पुण्याचा एक, नागपूरचा एक, इंदूरची एक ताई आणि मी. चौघंही ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, कोणी पोटासाठी, कोणी माझ्यासारखा हौसेने. त्या शनिवारी विषय हाच निघाला, कारण प्रत्येकाचं दुखणं निराळ्या जागी पण तेच होतं. पुणेकराने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचीच किल्ली घालून दिलेली होती. किल्ली म्हणजे सेवा वापरायला मिळणारा तो लांबलचक सांकेतिक शब्द. त्याचं सॉफ्टवेअर तीसेक शाळांत चालतं. म्हणजे तीस शाळांत मिळून एक हजार. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पहिल्या दोन शाळा सगळा कोटा संपवतात आणि उरलेल्या अठ्ठावीस त्याला फोन करतात.

त्याचा उपाय सोपा होता. पाच खाती काढायची, पाच किल्ल्या घ्यायच्या, आळीपाळीने फिरवायच्या. "सगळे करतात," असंही म्हणाला.

मला हे पटत नाही, आणि त्या रात्री मी जरा तावातावानेच बोललो. समोरचा फुकट देतोय. घरटी एक बादली असा नियम असताना आपण आजीच्या, आत्याच्या आणि भाडेकरूच्या नावावर बादल्या लावायच्या, हे नळावर चालत नाही तर इथे का चालावं? शिवाय पकडले गेलो की पाचही खाती एकदम बंद होतात आणि तीसही शाळा अंधारात. ताई म्हणाली, "हो, पण प्रत्येक शाळेतल्या मॅडमना स्वतःची किल्ली काढायला सांगून बघ एकदा." तिचंही खरं होतं. मी काकूंबरोबर तो प्रयोग केलेला आहे. विकसकांसाठीच्या त्या पानावर प्रकल्पाचं नाव काय, हे विचारल्यावर काकूंनी "वाचनालय" लिहिलं, आणि पुढच्या पडद्यावर जे काही आलं ते पाहून पर्स उचलून निघाल्या.

मर्यादा कोणाच्या काय आहेत याची उजळणी करताना लक्षात आलं की हजार हा आकडा या धंद्यात फार लाडका आहे. गूगल बुक्सची सेवा मुळात दिवसाला हजार देते. लायब्ररीथिंग या पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटचाही नियम हजाराचाच, वर सेकंदाला एकापेक्षा जास्त नाही. एका पुस्तकाच्या आयएसबीएनवरून त्याच्या इतर आवृत्त्यांचे क्रमांक देणारी, ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेची एक्सआयएसबीएन नावाची सेवा होती, तिच्यासाठी कोहामध्ये रोजची मर्यादा लिहायचा रकाना होता आणि त्यात आधीपासून ९९९ भरलेलं असे. ज्याने कोणी तो एक कमी लिहिला त्याच्याबद्दल मला आपुलकी वाटते. पुढे ती सेवाच बंद झाली. गुडरीड्स या वाचकांच्या साइटने तर २०२० च्या डिसेंबरात नव्या किल्ल्या देणंच थांबवलं. मर्यादेला नावं ठेवणाऱ्यांनी ते आठवावं. हजार मिळतात तोवर दुकान उघडं आहे.

ओपन लायब्ररी या इंटरनेटवरच्या खुल्या पुस्तकयादीची रीत मला जास्त आवडते. तिथे मुखपृष्ठ आयएसबीएनने मागितलं तर इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभर इतकीच परवानगी. पण त्यांच्या स्वतःच्या मुखपृष्ठ क्रमांकाने मागितलं तर ही अट नाही. एकदा क्रमांक शोधा, आपल्याकडे लिहून ठेवा, मग हवं तितकं मागा, असा त्याचा अर्थ. आणि सगळंच हवं असेल तर दर महिन्याला अख्ख्या नोंदींचा गठ्ठा उतरवून घ्यायला ठेवलेला असतो. रोज दारात उभं राहून एकेक वाटी मागण्यापेक्षा पोतं घेऊन जा म्हणतात. आम्ही चौघांपैकी एकानेही तोवर ते पोतं उचललं नव्हतं. कारण विचारू नका. फाइल मोठी आहे आणि शनिवारी उशीर होतो.

मग एकच सामायिक साठा का करू नये, असं नागपूरकराने काढलं. चौघांची मिळून एक जागा. एकाने विचारलेलं दुसऱ्याला आयतं मिळेल. कल्पना चांगली, पण अटी वाचायला लागल्या. गूगलच्या अटींत त्यांच्याकडून आलेल्या मजकुराचा कायमचा साठा करायला मनाई आहे. ओपन लायब्ररीचं चालतं. झेड ३९.५० ने, म्हणजे एका ग्रंथालयाच्या यंत्राने दुसऱ्याच्या तालिकेत शोधायच्या ठरलेल्या पद्धतीने, थेट उतरवलेल्या नोंदींचं ज्याच्या त्याच्या नियमाने. "म्हणजे वकील लावा," असं म्हणून नागपूरकराने चहा करायला फोन बाजूला ठेवला.

माझं म्हणणं होतं की साठ्याआधी आपण विचारतो काय ते बघू. मी आमचा महिन्याभराचा लॉग चाळून बसलो होतो. बॉटचे प्रश्न वगळले तरी उरलेल्यांतले कितीतरी न विचारता भागले असते. काही आयएसबीएन मुळातच चुकीचे होते. आयएसबीएनचा तेरावा आकडा हा तपासणीचा असतो: पहिल्या बारांना आळीपाळीने एक आणि तीनने गुणायचं, बेरीज करायची, ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जितके कमी पडतात तो तेरावा. हे गणित आपल्याच सर्व्हरवर क्षणात होतं. जुळलं नाही तर क्रमांक चुकलाय, बाहेर विचारूच नये. दुसरं, २००७ च्या १ जानेवारीपासून क्रमांक तेरा आकडी झाले, पण त्याआधीचे दहा आकडीच छापलेले आहेत. नव्या आवृत्तीवर कधी दोन्ही असतात. माझा प्रोग्राम त्यांना दोन पुस्तकं समजून दोनदा विचारायचा. आणि तिसरी, खास आपली गोष्ट: एकाच प्रकाशकाने दोन निरनिराळ्या पुस्तकांवर छापलेला एकच क्रमांक. अशा वेळी पाककृतींचं पुस्तक स्कॅन केलं की पडद्यावर कादंबरी उमटते. काकू तिला "भुताटकी" म्हणतात.

सगळ्यांत जास्त प्रश्न मात्र वाया जात होते ते मराठी पुस्तकांवर. विचारा, "नाही" येतं. दुसरीकडे विचारा, तिथेही "नाही". आणि "नाही" हे उत्तरही कोट्यात मोजलं जातं. माझी तक्रार आहे ती एवढ्याच मुद्द्यावर, आणि तीही फारशी न्याय्य नाही हे कळतं. शोधायचे कष्ट त्यांच्या यंत्राला पडलेलेच असतात.

गंमत म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांचं सर्वांत चांगलं उत्तर मिळतं वॉशिंग्टनहून, लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून, तेही झेड ३९.५० ने, किल्लीबिल्ली काही न मागता. तिथे आपली पुस्तकं पोहोचली ती गव्हामुळे. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेला गहू घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. त्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत दिले, आणि त्या रुपयांतला काही भाग अमेरिकेने इथली पुस्तकं खरेदी करायला वापरला. १९६२ पासून त्यांचं कार्यालय दिल्लीत बसून मराठीसकट सगळ्या भाषांतली पुस्तकं घेत होतं आणि तिकडच्या ग्रंथालयांना पाठवत होतं. आमच्या कपाटातली साठ-सत्तरच्या दशकातली पुस्तकं तिथे नीट नोंदलेली सापडतात. त्यांना आयएसबीएन नाही, म्हणून नाव-लेखक घालून शोधावं लागतं एवढंच.

पण नोंद येते रोमन लिपीत, टिंबं आणि रेघा लावून. मी ती देवनागरीत उलटवायचा प्रोग्राम लिहिला. ळ, श, ष सगळे सुखरूप परत आले. अडलं ते अनुस्वारापाशी. रोमन करताना ते लोक अनुस्वाराच्या जागी पुढच्या अक्षरानुसार निरनिराळं अनुनासिक लिहितात. उलटवलं की "मंडळ"चं "मण्डळ" होतं आणि "पंचांग"चं "पञ्चाङ्ग". पहिल्या दिवशी काकूंनी पडदा पाहिला आणि विचारलं, "काशीहून आलंय का रे हे?"

त्यावर नियम लिहिला तर दुसरंच उपटलं. १९६२ च्या लेखननियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकाच्या नामपृष्ठावर "कांहीं" असतं, त्यावर दोन टिंबं असतात. काकूंचा हट्ट असा की नामपृष्ठावर जसं छापलंय तसंच नोंदवायचं, आणि शोधणाऱ्याला "काही" लिहूनही सापडलं पाहिजे. हे ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे आणि माझ्या दृष्टीने दोन रविवार आहेत.

त्या निमित्ताने मी काकूंनी हाताने भरलेल्या नोंदी पहिल्यांदा नीट पाहिल्या. बाहेरून आलेल्या नोंदीत नाव, लेखक, कधी प्रकाशक, संपलं. काकूंच्या एका नोंदीत होतं: दुसरी आवृत्ती, शके १८७९, किंमत अडीच रुपये, भाषांतरकार निराळे, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं नाव, आणि शेरा म्हणून "शेवटची चार पानं नाहीत, सभासदांना आधी सांगावे". रहस्यकथा होती ती.

बडोद्यात अशा कामाचं नवल वाटू नये खरं तर. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथली ग्रंथालयं उभी केली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी कपाटं आणि काचेच्या जमिनीचे मजले आहेत, खालच्या मजल्यावर उजेड उतरावा म्हणून. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. १९१२ मध्ये इथून ग्रंथालयांवरचं नियतकालिक निघालं ते इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. त्याच सुमाराला लायब्ररी ऑफ काँग्रेस जगभरच्या ग्रंथालयांना छापील तालिकापत्रं विकत होती, १९०१ पासून. विकत, म्हणजे कार्डागणिक पैसे मोजून. तेव्हाच्या ग्रंथपालाने आमची हजार-फुकटची कुरकुर ऐकली असती तर आमची वर्गणी बंद केली असती.

तर मे महिन्यात सगळं फिरवलं. पुस्तकाचं पान आता बाहेर कोणाला काही विचारत नाही. एकदा आणलेला मुखपृष्ठ क्रमांक जपून ठेवलेला असतो. बॉटला दाराशी पाटी लावली. क्रमांक आधी आपणच तपासतो, दहाचे तेरा करून घेतो. ४२९ आलं की प्रोग्राम सांगितलेला वेळ गप्प बसतो आणि काकूंना पडद्यावर मराठीत सांगतो की कोटा संपलाय, तुमची चूक नाही. तो मजकूर काकूंनीच लिहून दिला. परवा दिवसभरात आमचे ३८ प्रश्न गेले.

आणि काकूंच्या नोंदींची फाइल मी शनिवारच्या बैठकीत दाखवली. नागपूरकराने लगेच मागितली, मग ताईने. तोवर त्या दोन हजारांवर गेल्या होत्या, कारण काकूंना आता यंत्राने भरलेलं पुन्हा तपासायची खोड लागली आहे. मी एक लहानसा सर्व्हर उभा केला: आयएसबीएन द्या, नाहीतर नाव द्या, काकूंची नोंद घ्या. अट काहीच घातली नाही. मोठ्या मनाने.

तिसऱ्या आठवड्यात सर्व्हर आडवा झाला. पुणेकराच्या सॉफ्टवेअरने तीसही शाळांतून, एकेक पुस्तक तीनतीनदा, इंग्रजी माध्यमाची पाठ्यपुस्तकंसुद्धा, आमच्याकडे विचारायला सुरुवात केली होती. शनिवारी त्याला झापलं. तो म्हणाला, "मग मर्यादा लाव ना." लावली. किती ठेवायची यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी सगळे त्याच आकड्यावर आले. मी एक कमी करून ९९९ ठेवला.

सोमवारी सकाळी काकूंना सांगितलं की तुमच्या नोंदी आता रेशनवर आहेत, दिवसाला नऊशे नव्व्याण्णव. त्यांनी पुस्तकावरची धूळ फडक्याने पुसली, दाखल क्रमांकाचा शिक्का मारला आणि विचारलं, "दिवस कुणाचा धरलास? त्यांचा की आपला?"

मी घाईत सर्व्हरची वेळ बदललीच नव्हती. तो ग्रिनिचच्या घड्याळावर चालत होता. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच.

"असू दे," काकू म्हणाल्या. "तेव्हा मी उठलेली असते."